दोन चंद्रभागा

पंढरपूरच्या चंद्रभागेला चंद्रभागा का म्हणतात, हे आमच्या सोलापूर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भीमा तिथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा. वळण सरलं की पुढे पुन्हा ती भीमाच. पण चंद्रभागा नावाची आणखी एक नदी आहे, पार उत्तरेला, आणि तिला हे नाव वळणामुळे मिळालेलं नाही. चंद्रा नावाची एक नदी आणि भागा नावाची दुसरी, दोन्ही हिमाचलमधल्या लाहौलच्या डोंगरांत उगम पावतात, तांदी नावाच्या गावाशी एकमेकींना भेटतात आणि तिथून पुढे चंद्रभागा होतात. जम्मूकडे उतरल्यावर लोक तिला चिनाब म्हणतात. पाठ्यपुस्तकातली पंजाबच्या पाच नद्यांपैकी चिनाब ती हीच.

मी तीस वर्षांवर शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. त्यात 'हिमालयातील नद्या बारमाही असतात, कारण त्यांना बर्फाचे पाणी मिळते' हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल त्याची गणतीच नाही. मुलं ते पाठ करायची, परीक्षेत लिहायची, दोन गुण मिळायचे. पण मला त्या वाक्याची ओळख शाळेत झाली नव्हती. ती झाली दादाच्या पत्रांतून.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बॉम्बे सॅपर्समध्ये होता, म्हणजे खडकीची पलटण, पूल बांधणारे आणि सुरुंग काढणारे लोक. १९६५ चं युद्ध संपल्यावर त्याची बदली त्या भागात झाली. पत्त्यावर फक्त ५६ एपीओ. कुठे आहोत हे लिहायची परवानगी नव्हती, त्यामुळे त्याची पत्रं म्हणजे जेवण बरं आहे, थंडी फार आहे, आईने लोकरीचा गळपट्टा पाठवावा, अशी. एका पत्रात मात्र त्याने लिहिलं होतं, 'इथे छावणीजवळून एक मोठी नदी जाते. तिचं नाव लिहायचं नाही असा हुकूम आहे. पण आईला ते नाव ऐकवलं तर ती बसल्या जागी हात जोडेल.'

वडील पत्र मोठ्याने वाचत होते. मी तेव्हा पंधरा वर्षांची. मी नकाशाची वही घेऊन बसले आणि गंगा, यमुना, सिंधू असं बोट फिरवू लागले. आई चुलीजवळून म्हणाली, "अगं, एवढं काय शोधतेस? हात जोडायचे म्हणजे चंद्रभागाच की." नकाशात तर चिनाब असं छापलेलं. पण दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले तुझी आई बरोबर सांगते. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं बरं का. तिचा हिशोब साधा होता. चंद्रभागेकाठी आहे ना पोरगा, मग विठोबा बघून घेईल.

त्या पत्रांमध्ये दादाला एका गोष्टीचं भारी नवल वाटायचं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पंढरपूरच्या वाळवंटात माणसं पायी नदी ओलांडतात. पाणी घोट्याएवढं, कधी तेही नाही. ज्येष्ठात ढग यायचे, मग गढूळ पाणी, मग आषाढीला पूर. नदीचं आणि पावसाचं आपल्याला इतकं घट्ट नातं माहीत. आणि हा लिहितो, 'वैशाख चालला आहे, आभाळात ढगाचा तुकडा नाही, महिनाभर पावसाचा थेंब नाही आणि नदी रोज वाढते आहे. ऊन जितकं कडक तितकं पाणी जास्त. आमचे पलीकडचे डोंगराळ जवान हसतात. म्हणतात, वर ऊन पडलं की खाली पूर येतो.' पाणी बर्फासारखं गार आणि राखेच्या रंगाचं, असंही त्याने लिहिलं होतं. पुढे मी वर्गात हिमनदी शिकवायची तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून हे सांगायची. दोन गुणांचं ते वाक्य मुलांच्या डोक्यात मग नीट बसायचं.

त्या राखेच्या रंगाचं कारण सांगते. हिमनदी म्हणजे नुसता बर्फ नव्हे, तिच्या पोटाशी दगड असतात, आणि ती हळूहळू सरकते तेव्हा ते दगड खालच्या खडकावर जात्यासारखे घासले जातात. त्याचं जे पीठ होतं ते इतकं बारीक असतं की पाण्यात लवकर खाली बसतच नाही. तेच पाणी आपल्याला दुधाळ, राखाडी दिसतं. उन्हाळ्यात असं पाणी जास्त, हिवाळ्यात वितळणं थांबलं की तीच नदी निळी-हिरवी, नितळ.

लाहौलच्या माणसांच्या बोलीत हिमनदीला शिगरी म्हणतात. चंद्रेच्या खोऱ्यात बडा शिगरी आहे, हिमाचलमधली सगळ्यात मोठी हिमनदी, सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर लांबीची. तिच्या शेजारी छोटा शिगरी, नऊएक किलोमीटरची. जुन्या ब्रिटिश नोंदींत १८३६ सालची एक हकीकत आहे. बडा शिगरी पुढे सरकली आणि तिने चंद्रेचं पात्रच अडवलं. मागे मोठं तळं साठलं, मग तो बांध फुटला आणि खालच्या खोऱ्याची दाणादाण झाली. स्पितीतून कुलूकडे जाणाऱ्यांना त्यानंतर आपली वाट बदलावी लागली. आज काळजी उलट्या दिशेची आहे, हिमनद्या मागे सरकताहेत. त्याबद्दल पुढे लिहिते.

दादा निवृत्त होऊन गावी आला, घर बांधलं, शेती बघितली. अखनूरच्या त्या पाण्याचा उगम बघायचा, हे त्याच्या मनात कायम होतं. पण आधी पोरांची शिक्षणं, मग वहिनींचं आजारपण, मग त्याचे स्वतःचे गुडघे आणि शेवटी हृदय. डॉक्टरांनी उंचीवर जायला साफ मनाई केली. २०२२ च्या दिवाळीआधी तो गेला. पुढच्या जून महिन्यात भाची म्हणाली, "आत्या, बाबांच्या वाटणीचं आपण बघून येऊ." मी तेव्हा सत्तरी ओलांडलेली. पण माझं हृदय दादापेक्षा बरं आहे असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, म्हणून निघालो.

पूर्वी लाहौलला जायचं म्हणजे रोहतांग खिंड चढायची. हिवाळ्यात ती बर्फाने बंद झाली की वर्षातले पाच-सहा महिने लाहौल जगापासून तुटायचं. आता ३ ऑक्टोबर २०२० पासून खिंडीखालून ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा झाला आहे. मनालीच्या बाजूला देवदारांची हिरवी गर्दी, पावसाळी हवा. दहा-पंधरा मिनिटांत बोगद्याच्या पलीकडे निघालो तर सगळं बदललेलं. उघडे तपकिरी डोंगर, माथ्यावर बर्फ, कोरडी हवा, आणि खाली खोऱ्यात राखाडी पाण्याचा एक पट्टा. भाची म्हणाली, "आत्या, ही चंद्रा." माझ्या तोंडून काही शब्द फुटेना. थोड्या वेळाने गाडी थांबवून चहा घेतला तेव्हा बोलायला लागले.

लाहौल पर्जन्यछायेत आहे. आपल्याकडे माण, सांगोला जसे सह्याद्रीच्या मागे कोरडे पडतात, तसंच. फरक एवढाच की त्यांच्या डोक्यावर बर्फ आहे. त्या बर्फाचं पाणी ओढ्यांतून पाटाने वळवून ते शेतात आणतात, त्या पाटांना कूल म्हणतात. बटाटा आणि मटार ही मोठी पिकं. बटाटा त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकात केलाँगला आलेल्या मोरावियन मिशनऱ्यांनी आणला असं सांगतात. आमचा ड्रायव्हर तिथलाच होता. तो रोज पहाटे निघायची घाई करायचा. मी विचारलं तर म्हणाला, "माताजी, दोपहर को नाले चढ़ जाते हैं।" सकाळी थंडीत ओढे उतरलेले असतात, ऊन तापलं की दुपारी फुगतात आणि रस्त्यावरून वाहतात. दादाच्या पत्रात जे महिन्या-महिन्यांचं होतं ते इथे एका दिवसातच दिसत होतं.

चंद्रा आणि भागा, दोघींची सुरुवात बारालाचा खिंडीच्या आसपास होते. खिंड सुमारे ४,८९० मीटर उंचीवर. भागा खिंडीजवळच्या सूरजतालातून निघते आणि बऱ्यापैकी सरळ नैर्ऋत्येला उतरते. चंद्रा मात्र खिंडीच्या दुसऱ्या अंगाने आग्नेयेकडे जाते, चंद्रताल सरोवराचं पाणी घेते, मग मोठा वळसा घालून पश्चिमेला येते. याच्यावर तिथे एक गोष्ट सांगतात. चंद्रा ही चंद्राची मुलगी आणि भागा हा सूर्याचा मुलगा. (तिथे भागा पुल्लिंगी आहे, याची गंमत वाटली.) दोघांचं एकमेकांवर मन बसलं. त्यांनी ठरवलं की खिंडीवरून विरुद्ध दिशांना निघायचं, डोंगराला फेरी घालायची आणि जिथे भेटू तिथे लग्न करायचं. चंद्रा चपळ, लांबचा पल्ला असूनही ती तांदीला आधी पोचली. भागा अरुंद घळींतून धडपडत मागून आला. गोष्टी रचणाऱ्यांना भूगोल चांगला ठाऊक होता, एवढं मी भूगोलाची शिक्षिका म्हणून सांगू शकते.

तांदीला आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. वर्षानुवर्षं या गावाची ख्याती तिथल्या पेट्रोलपंपावरच्या पाटीसाठी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, लडाखकडे जाणारे सगळे तिथे टाकी भरून फोटो काढायचे. संगम रस्त्याच्या खाली आहे. उतरायला पायऱ्या. त्या दिवशी दोन्ही प्रवाह राखाडीच होते, पण चंद्रेचा रंग जास्त गडद, आणि थोडं अंतर दोघी एकमेकींच्या शेजारून वेगळ्या रंगाने वाहत होत्या. लाहौलचे लोक आपल्या माणसांच्या अस्थी इथे सोडतात, हिंदूही आणि बौद्धही. खाली खोऱ्यात त्रिलोकनाथाचं देऊळ आहे, त्यातल्या मूर्तीला हिंदू शिव म्हणून आणि बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून पूजतात. एकाच गाभाऱ्यात. भांडण नाही.

दादाच्या अस्थी आधीच पंढरपूरला गेल्या होत्या. वहिनींनी आमच्याबरोबर एका छोट्या बाटलीत पंढरपूरचं पाणी दिलं होतं, ते भाचीने संगमात ओतलं. मग त्याच बाटलीत तिथलं पाणी भरून घेतलं. ते घरी येईपर्यंत तळाशी एवढंसं राखाडी पीठ बसलं होतं. ती बाटली वहिनींच्या देवघरात आहे. त्या रोज पूजेला बसतात तेव्हा ती हलवतात, आणि पाणी पुन्हा राखेच्या रंगाचं होतं.

तांदीनंतर नदी वायव्येला जाते, पांगीच्या खोल दऱ्यांतून जम्मू-काश्मीरच्या किश्तवाड जिल्ह्यात शिरते. तिथे मरुसुदर नदी तिला मिळते. मग ती एकदम दक्षिणेकडे वळते, डोडा, रामबन करत पुढे रियासीवरून अखनूरला सपाटीवर उतरते आणि थोड्याच अंतरावर सीमा ओलांडते. पुढे पाकिस्तानी पंजाबात त्रिम्मूला झेलम येऊन मिळते, नंतर रावी, मग सतलज. त्या एकत्र प्रवाहाला पंजनद म्हणतात आणि मिठणकोटजवळ तो सिंधूत जातो. सगळी मिळून लांबी हजार किलोमीटरच्या थोडी आतच.

हिचं वैदिक नाव असिक्नी, म्हणजे काळसर. ऋग्वेदाच्या नदीसूक्तात ते येतं. ग्रीकांनी त्यालाच अकेसिनीज केलं. इ.स.पू. ३२६ मध्ये शिकंदराने ही नदी ओलांडली तेव्हा ती उन्हाळ्याच्या पाण्याने फुगलेली होती. लाकडी नावा खडकांवर आपटून फुटल्या, फुगवलेल्या कातड्यांवरून गेलेले मात्र सुखरूप पोचले, असं ॲरियनने लिहून ठेवलंय. परतीच्या वेळी झेलमच्या संगमावरच्या भोवऱ्यांनीही त्याच्या आरमाराची त्रेधा उडवली. काही अभ्यासकांनी तर असा तर्क मांडलाय की चंद्रभागा हे नाव ग्रीक कानांना 'अलेक्झांडरला खाणारी' असं अशुभ ऐकू येई, म्हणून त्यांनी जुनं वैदिक नावच पसंत केलं. खरं-खोटं देव जाणे, पण मुलांना ही गोष्ट सांगितली की नदीचं नाव कुणी विसरत नसे.

आपले मराठेही तिच्यापर्यंत गेले होते. एप्रिल १७५८ मध्ये राघोबादादांच्या फौजांनी लाहोर घेतलं आणि पळणाऱ्या तैमूरशहाच्या अफगाण सैन्याचा पाठलाग चिनाबपर्यंत केला. आपण 'अटकेपार झेंडे' म्हणतो आणि थांबतो. वाटेतल्या नद्या कुणाला आठवत नाहीत. आणि नामदेव महाराज पंजाबात किती वर्षं राहिले, घुमानला त्यांचं स्थान आहे, तेव्हा त्यांना ही दुसरी चंद्रभागा कुणी सांगितली असेल का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. घुमान बियासच्या बाजूला, चिनाब तिथून काही जवळ नाही. पण पंढरीच्या माणसाने नाव ऐकलं तर कान टवकारणारच.

पंजाबी लोकांना चिनाब म्हणजे प्रेमाची नदी. सोहनी कच्च्या घड्यावर तरंगत महिवालला भेटायला निघाली आणि बुडाली ती याच नदीत. हीर झंगची, तेही चिनाबकाठचंच. पण इंग्रजांनी तिच्याकडे व्यवहाराने बघितलं. १८९२ मध्ये लोअर चिनाब कालवा सुरू झाला, ओसाड माळावर शेतकऱ्यांच्या वसाहती बसवल्या आणि ल्यालपूर शहर उभं राहिलं. घड्याळाचा मनोरा मध्ये आणि त्यातून आठ बाजार फुटलेले, ब्रिटिश झेंड्याच्या आकृतीसारखे. याच कालवा-वसाहतींच्या कायद्याविरुद्ध १९०७ मध्ये शेतकऱ्यांचं 'पगडी संभाल जट्टा' आंदोलन झालं, सरदार अजितसिंगांनी ते चालवलं. त्याच वर्षी त्याच ल्यालपूर जिल्ह्यात त्यांचा पुतण्या जन्मला, भगतसिंग. चाळीस वर्षांनी फाळणी झाली आणि त्या कालव्यांवर पिढी-दोन पिढ्या राबलेले शीख आणि हिंदू शेतकरी सगळं सोडून इकडे आले. ल्यालपूरचं आता फैसलाबाद झालंय.

एवढा इतिहास मी लिहितेय त्याला कारण आहे. गेल्या वर्षी आमच्या घरात या नदीवरून चांगलाच वाद झाला.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला अतिरेक्यांनी २६ जणांना मारलं. त्यात आपल्या महाराष्ट्राचे सहा होते. दुसऱ्याच दिवशी भारताने सिंधू पाणीवाटप करार स्थगित केल्याचं जाहीर केलं. हा करार १९ सप्टेंबर १९६० चा, कराचीत नेहरू आणि अयूबखान यांनी सही केलेला, जागतिक बँकेच्या मध्यस्थीने. रावी, बियास, सतलज आपल्याकडे, आणि सिंधू, झेलम, चिनाब यांचं पाणी मुख्यत्वे पाकिस्तानकडे, आपल्याला वीज आणि ठरावीक वापराची मुभा. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने लिहिलं, 'आता एक थेंब जाऊ द्यायला नको.' त्याला भराभर अंगठे आले. त्याचा राग मला कळतो. तो ज्या घरात वाढला त्या घराच्या भिंतीवर अखनूरच्या पुलाचा फोटो आहे. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानचे रणगाडे छांब-जौडियांकडून आले ते हाच पूल घ्यायला. तो गेला असता तर पलीकडच्या आपल्या फौजेची वाट तुटली असती. दादा तिथे गेला तो त्यानंतर लगेच.

पण थेंब न सोडणं म्हणजे नेमकं काय, हे मी वही घेऊन मांडलं. शिक्षिकेची खोड! सीमेपलीकडे मरालाला चिनाबचं वर्षाचं पाणी साधारण २६ दशलक्ष एकर-फूट धरतात. आपल्या टीएमसीत ते अकराशेहून जास्त होतं. उजनी काठोकाठ भरली की ११७ टीएमसी. म्हणजे जवळजवळ दहा उजन्या, दर वर्षी! आता अडवायचं कशात? बगलिहार धरणाचा वाद २००७ मध्ये तटस्थ तज्ज्ञाने सोडवला, तेव्हा रोजच्या वापरासाठीचा साठा ३.२५६ कोटी घनमीटर ठरला. म्हणजे सव्वा टीएमसीही नाही. पुण्याच्या खडकवासल्यात याहून जास्त मावतं. नदीला पन्नास हजार क्युसेक पाणी असेल तर एवढी जागा साडेसहा तासांत भरते. हिवाळ्यात पाणी पाच हजारांवर आलं तर अडीच दिवस. सलालचं तर आणखी वेगळं. १९७८ च्या समझोत्यात तिथली उंची कमी केली, तळाची दारं बंद केली, आणि ते राखाडी पीठ, वाळू, दगड यांनी जलाशय भरून गेला. मे २०२५ मध्ये त्या धरणांतला गाळ काढल्याच्या बातम्या आल्या त्या यामुळेच.

मी एवढं गटावर लिहिलं. भाच्याचा फोन आला. "आत्या, म्हणजे तुझं म्हणणं काही करायचंच नाही?" मी म्हटलं, "तसं नाही रे." मोठी साठवण बांधायची तर बांधता येते, मरुसुदरवर पकल दुलचा हजार मेगावॉटचा प्रकल्प तसाच साठवणीचा आहे. त्याला वर्षं लागतात, पैसा लागतो आणि तो सगळा भाग भूकंपाचा, दरडींचा. आपल्या हक्काचं पाणी आपण वापरावं, विजेला वापरावं, जम्मूच्या शेतीला वापरावं, हे मला पटतं. करार कायम तसाच राहावा असाही माझा हट्ट नाही. १९६० मध्ये हिमनद्या आटतील हे कुणाच्या गावीही नव्हतं. पण नळ बंद करावा तशी ही नदी बंद होत नाही. तो म्हणाला, "बाबा असते तर त्यांनी माझीच बाजू घेतली असती." यावर मी काही बोलले नाही. दादाने काय म्हटलं असतं ते मला ठाऊक नाही, त्यालाही नाही.

मग ऑगस्ट आला. १४ तारखेला किश्तवाडमध्ये मचैल यात्रेच्या वाटेवरच्या चिशोतीला ढगफुटी झाली, साठाहून अधिक माणसं गेली. महिनाअखेरीस जम्मूत आणि पलीकडच्या पंजाबात प्रचंड पूर. चिनाबकाठची लाखो माणसं हलवावी लागली. करार स्थगित असतानाही भारताने पुराचा इशारा उच्चायोगामार्फत पाकिस्तानला कळवला. मला ते योग्य वाटलं. भाच्याला नाही वाटलं. गटावर त्याने ती बातमी टाकली आणि खाली काहीच लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही. वहिनींनी मात्र, ज्या गटावर फक्त सकाळचे नमस्कार टाकतात, त्यांनी लिहिलं, 'पुलाजवळच्या गावांचं काय झालं, कुणाला माहीत आहे का?' भाच्याने तासाभरात शोधून त्यांना अखनूरची सगळी बातमी पाठवली.

हिमनद्यांचं लिहिते म्हणाले होते. छोटा शिगरीचं मोजमाप २००२ पासून दर वर्षी होतं. हिवाळ्यात किती बर्फ साठला आणि उन्हाळ्यात किती गेला याचा जमाखर्च ठेवतात, आणि बहुतेक वर्षी खर्च जास्त. सिस्सू गावाच्या वर गेपांग गथ हिमनदीच्या तोंडाशी एक तळं आहे. १९८९ मध्ये ते ३६.४९ हेक्टर होतं, २०२२ मध्ये १०१.३० हेक्टर झालं, हे इस्रोने उपग्रहचित्रांवरून मोजलंय. खाली सिस्सू, त्याच्याखाली चंद्रा. तिथल्या टपरीवर चहा देणाऱ्या बाईंना मी विचारलं, भीती वाटते का? त्या म्हणाल्या, वर राजा गेपांग बसलाय, तो बघतो. (गेपांग हा लाहौलचा मोठा देव.) मला आईची आठवण झाली.

बर्फ वितळतोय तोवर पाणी वाढलेलं दिसेल, काही वर्षं तर भरपूरच. नंतर ते कमी होत जाईल, आणि आधी कमी होईल ते नेमकं पावसाळ्यापूर्वीचं, वैशाखातलं पाणी, ज्याचं दादाला नवल वाटायचं. दोन देश वाटणीवर भांडत असताना बर्फाची मूळ ठेवच खर्च होतेय, हे मला दोन्हीकडच्या बातम्यांत फार कमी दिसतं.

पुलाचं राहिलंच. रियासीजवळ चिनाबवर रेल्वेचा कमानीचा पूल झालाय, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच, लांबी १,३१५ मीटर. पॅरिसच्या आयफेल टॉवरहून ३५ मीटर जास्त. काम आपल्या कोकण रेल्वेकडे होतं, याचा दादाला कोण अभिमान! एप्रिल २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी येणारी कमान मध्ये जोडली तेव्हा त्याने टीव्हीसमोरून उठायला नकार दिला. जेवण तिथेच मागवलं. "आमच्या वेळी बेली पूल टाकायचो, रात्रीत," असं म्हणाला, आणि मग कमानीची दोन टोकं बरोबर समोरासमोर कशी आणली असतील याचं कोडं दोन दिवस कागदावर आकृत्या काढून सोडवत बसला. ६ जून २०२५ ला त्या पुलाचं उद्घाटन झालं. तेव्हा तो नव्हता. भाच्याने यंदा आईला त्या गाडीने न्यायचं ठरवलंय, आणि आत्यालाही चल म्हणतोय. जाईन म्हणते.

दादाची पत्रं वहिनींकडे एका पत्र्याच्या डब्यात आहेत, एकूण त्रेचाळीस. काही वाळवीने खाल्लीत. नदीचं नाव न लिहिलेलं ते पत्र शाबूत आहे. मला टंकलेखन हळू येतं, पण वहिनींनी परवानगी दिलीय, तेव्हा ते आणि पाणी वाढल्याचं दुसरं, अशी दोन पत्रं पुढच्या आठवड्यात इथे टाकते. आमच्या नातेवाइकांपैकी कुणाकडे त्याची आणखी पत्रं असतील तर कळवा.